इफुस्को : फिनो-उग्रिक भाषांच्या विद्यार्थ्यांची भटकी परिषद

तार्तूकर

लहान भाषांचं पुढे काय होणार, यावर दुसरीकडे चर्चा चालली होती. तिथे मी ओघात इफुस्कोचं नाव घेतलं आणि हे काय प्रकरण आहे म्हणून विचारणा झाली. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

इफुस्को म्हणजे फिनो-उग्रिक भाषा आणि संस्कृती यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद. पहिली १९८४ साली तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत, ग्योटिंगेनला भरली. त्यानंतर ती गावोगाव फिरते आहे. हेलसिंकी, बुडापेस्ट, पेच, व्हिएन्ना ही ओळखीची नावं झाली. पण २०१०मध्ये ती कुदिमकारला होती आणि २०१३मध्ये सिक्तिव्कारला. ही दोन्ही गावं रशियात, उरल पर्वताच्या अलीकडे, कोमी लोकांच्या मुलखात.

प्राध्यापकांची मोठी काँग्रेस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिवेशन, वेगळी. ती १९६०मध्ये बुडापेस्टला सुरू झाली आणि साधारण पाच-पाच वर्षांनी भरते. इफुस्को मात्र विद्यार्थीच उभी करतात: निबंध मागवायचे, खोल्या मिळवायच्या, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, संध्याकाळच्या गाण्याबजावण्याची सोय बघायची. पैसे कमी, उत्साह भरपूर आणि चहाची रांग लांब.

कुटुंबाची ओळख थोडक्यात. हंगेरियन (सव्वा कोटीच्या आसपास बोलणारे), फिनिश (पन्नास लाखांवर) आणि एस्टोनियन (अकरा लाखांच्या आसपास) या तिघींना स्वतःचा देश आहे. बाकीच्यांना नाही. उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात सामी भाषा. व्होल्गाकाठी मारी, एर्झ्या, मोक्शा. त्यांच्या पूर्वेला आणि उत्तरेला उदमुर्त आणि कोमी. उरलपलीकडे सैबेरियात ओब नदीच्या खोऱ्यात खांती आणि मान्सी. हंगेरियनच्या सर्वांत जवळच्या बहिणी याच दोघी, आणि २०१०च्या रशियन जनगणनेत मान्सी बोलणारे निघाले ९३८. त्याही पलीकडे नेनेत्स वगैरे सामोयेद भाषा. त्यांना धरून सगळ्या गोताला उरालिक म्हणतात.

कोविडच्या आधी ही परिषद एस्टोनियातल्या तार्तूला भरली तेव्हा मी स्वयंसेवक होते. माझा विषय भाषातंत्रज्ञान, त्यामुळे माझ्याकडे प्रोजेक्टर आणि वायरींचं खातं आलं आणि प्रत्येक खोलीत डोकावायला मिळालं. इफुस्कोत कुठल्याही फिनो-उग्रिक भाषेत निबंध वाचता येतो. इंग्रजी आणि रशियनही चालतात. बहुतेक जण अर्थातच इंग्रजी किंवा रशियन निवडतात. पण एका खोलीत उदमुर्तियाहून आलेली मुलगी उदमुर्तमध्ये बोलत होती आणि मागे स्लाइड इंग्रजीत. विषय होता तरुण मुलं समाजमाध्यमांवर कोणती भाषा कधी वापरतात. समोर वीस-पंचवीस माणसं, त्यातल्या निम्म्यांना तरी शब्द कळत असतील का, शंका आहे. संपल्यावर एका कोमी-पेर्म्याक मुलाने आपल्या भाषेत, जरा सावकाश, प्रश्न विचारला. तिने आपल्या भाषेत उत्तर दिलं. दोन्ही भाषा पर्मिक शाखेतल्या, त्यामुळे ओढूनताणून निभावलं. एकदा अडलं तेव्हा दोघं रशियनमध्ये गेले आणि लगेच परत आले.

निबंध म्हणून तो बेताचाच होता. नमुना लहान, तक्ते घाईत केलेले. खरं सांगायचं तर इफुस्कोतले पुष्कळ निबंध असेच असतात, पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं आणखी काय करणार? पण त्या मुलीच्या पिढीने उदमुर्त ऐकली ती आजीच्या स्वयंपाकघरात, लोकगीतांच्या कार्यक्रमात आणि फार तर शाळेच्या एखाद्या तासाला. आकडेवारी, पद्धत, आक्षेप, प्रत्युत्तर हे सगळं रशियनमध्ये. इथे वीस मिनिटं का होईना, तिने ते आपल्या भाषेत केलं आणि अनोळखी माणसाने त्यावर शंका काढली. माझ्या मते या परिषदेचा खरा माल हाच आहे. नाच-गाणी-पोशाख दुय्यम.

हे मी तार्तूत बसून म्हणते त्यालाही कारण आहे. इथलं विद्यापीठ १६३२चं, पण एस्टोनियन ही शिकवण्याची भाषा झाली १९१९ साली. त्याआधी जर्मन आणि रशियन. एस्टोनियन म्हणजे शेतकऱ्यांची बोली, तिच्यात रसायनशास्त्र कसं शिकवणार, असं म्हणणारे विद्वान तेव्हाही होते. अख्ख्या देशाची लोकसंख्या आज चौदा लाखांच्या आत, आपल्या नाशिक शहराहून कमी, आणि इथे डॉक्टरेटचे प्रबंध एस्टोनियनमध्ये लिहिता येतात.

विचारा काय विचारायचं ते.

गवती चहा

मस्त लेख! एक बाळबोध प्रश्न. फिनिश माणसाला हंगेरियन कळते का? आणि विभक्त्यांचं जे ऐकलंय ते खरं का?

तार्तूकर

अजिबात नाही कळत. फाटाफूट होऊन काही हजार वर्षं झाली. मराठी माणसाला जर्मन जितकी कळेल तितकी. फिनिश-एस्टोनियन मात्र जवळच्या. सोव्हिएत काळात एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये, अँटेना फिरवली की आखातापलीकडचं फिनिश टीव्ही दिसायचं. त्यावर एक अख्खी पिढी फिनिश शिकली. सरकारला आवडायचं नाही, पण लाटा अडवणार कशा?

विभक्त्या: एस्टोनियन १४, फिनिश १५, हंगेरियन १८ (मोजणाऱ्यावर अवलंबून). घाबरू नका. आपण 'घरात, घरातून, घरापर्यंत, घराशिवाय' म्हणतो, त्या सगळ्यांना विभक्ती म्हटलं की झालं.

हाडाचा वैयाकरण

शंभराला फिनिशमध्ये 'सता', एस्टोनियनमध्ये 'सदा', हंगेरियनमध्ये 'साझ'. मधाला फिनिश 'मेसी', हंगेरियन 'मेझ'. हातोड्याला फिनिश 'वासारा', म्हणजे आपलं वज्र. आता बोला! सगळ्यांचं मूळ संस्कृत आहे हे पाश्चात्त्यांना कबूल करायचं नाही, एवढंच.

पॉपकॉर्न

*खुर्ची ओढून बसतो*

तार्तूकर

वैयाकरणसाहेब, शब्द बरोबर, निष्कर्ष नाही. हे उसने शब्द आहेत. स्टेपच्या गवताळ प्रदेशात इंडो-इराणी बोलणारी माणसं आणि त्यांच्या उत्तरेच्या जंगलपट्टीतली उरालिक बोलणारी माणसं शेजारी होती, तेव्हाची ही देवाणघेवाण. संस्कृत भारतात आकाराला येण्याच्या आधीची गोष्ट. नातं ठरतं ते प्रत्यय, सर्वनामं आणि ध्वनिबदलांच्या नियमांवरून. मराठीत 'हजार' फारसीतून आला म्हणून मराठी फारसीची मुलगी होत नाही. गंमत म्हणजे हंगेरियन 'एझेर'ही इराणी भाषांमधूनच आला, तो आपला हजारच.

आणि उसन्या शब्दांत 'ओर्या'पण आहे. फिनिशमध्ये अर्थ गुलाम. अनेक अभ्यासक तो 'आर्य'शी जोडतात. बहुधा युद्धात पकडलेल्या दक्षिणेकडच्या माणसांवरून आला. तेव्हा अभिमान जरा बेताने.

निवृत्त मास्तर

तार्तूकरताई, उत्तम धागा. मी थोडी भर घालतो.

भाषाकुळांचा अभ्यास म्हटला की आपण विल्यम जोन्सच्या १७८६च्या कलकत्त्यातल्या व्याख्यानापासून (संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळातल्या असाव्यात, हे सांगणाऱ्या) सुरुवात करतो. पण फिनो-उग्रिकवाले त्याच्या आधीच निघाले होते. १७६९ साली शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. व्हिएन्नाच्या वेधशाळेचा प्रमुख माक्सिमिलियान हेल याला डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने नॉर्वेच्या अगदी ईशान्य टोकाला, वार्दो बेटावर, वेध घ्यायला बोलावलं. हेलने आपला सहायक म्हणून यानोश शायनोविच या हंगेरियन जेझुइटाला नेलं. आकाश बघायला गेलेल्या शायनोविचने तिथल्या सामी लोकांची भाषा ऐकली, टिपणं केली आणि १७७०मध्ये लॅटिनमध्ये प्रबंध छापला: हंगेरियन आणि सामी एकाच कुळातल्या आहेत. जोन्सच्या सोळा वर्षं आधी!

पुढे शामुएल ज्यारमातीने १७९९मध्ये शब्दांची जुळवाजुळव बाजूला ठेवून व्याकरणाच्या आधारे हेच नातं दाखवलं. त्याचा ग्रंथ कुठे छापला गेला? ग्योटिंगेनला. म्हणजे विद्यार्थ्यांनी १९८४मध्ये गाव अगदी योग्य निवडलं होतं, मग ते ठरवून असो वा नसो.

आणखी एक. तुम्ही एस्टोनियनचं सांगितलंत, तर योहानेस आविक यांचं नाव हवं. सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले ते संस्कृत धातूंवरून. आविक त्याच्या पुढे गेले. त्यांनी काही शब्द चक्क हवेतून काढले, कुठल्याही मुळाशिवाय, फक्त कानाला एस्टोनियन वाटतील असे. शस्त्राला 'रेल्व', गुन्ह्याला 'रोइम'. आणि ते रुळले. आज तिथल्या वर्तमानपत्रात रोज छापून येतात.

गवती चहा

मास्तर, शब्द हवेतून काढले?! आमच्याकडे शासनव्यवहार कोशातले शब्द मुळासकट असूनही रुळत नाहीत.

डॅन्यूबकाठी

बुडापेस्टहून नमस्कार. हंगेरियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर इथे एमएस्सी करतोय. भारतातून बरीच मुलं येतात तशीच.

मास्तरांनी शायनोविच सांगितला, पण त्याचं इथे कसं स्वागत झालं ते मजेशीर आहे. हंगेरियन सरदारमंडळींना स्वतःची वंशावळ अटिलाच्या हूणांपर्यंत न्यायची होती. हा बाबा सांगतो तुमचे नातेवाईक उत्तर ध्रुवाजवळ मासे मारतात! तेव्हापासून 'माशाच्या वासाची भाऊबंदकी' हा टोमणा चालत आला. एकोणिसाव्या शतकात त्यावरून अक्षरशः युद्ध पेटलं. एका बाजूला योझेफ बुदेन्झ, म्हणणं उग्रिक. दुसऱ्या बाजूला आर्मिन वांबेरी, जो दर्वेशाच्या वेशात मध्य आशिया फिरून आला होता, म्हणणं तुर्की. भाषाशास्त्राच्या पातळीवर बुदेन्झ जिंकला. लोकांच्या मनात वांबेरी अजून हरलेला नाही.

आजही बुगाच गावाजवळच्या माळावर दर दोन वर्षांनी कुरुलताय भरतो: घोडे, तंबू, धनुष्यबाण, तुर्की आणि कझाख पाहुणे. हजारोंची गर्दी. २०१८पासून हंगेरी तुर्की राष्ट्रांच्या संघटनेत निरीक्षक आहे. इफुस्को पेचला किंवा बुडापेस्टला भरते तेव्हा माझ्या वर्गातल्या हंगेरियन मुलांना पत्ताही नसतो. खांती-मान्सी आपल्या भाषाभगिनी आहेत हे त्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं आणि तिथेच सोडलेलं असतं.

शंकासुर

लेख छान आहे, पण मी माझं नाव राखणार.

परिषदा भरवून भाषा जगतात का हो? उदमुर्त लोकांची संख्या २०१०मध्ये साडेपाच लाखांवर, २०२१मध्ये तीन लाख ८६ हजार. मारी साडेपाच लाखांच्या जवळ होते, ते सव्वाचार लाखांच्या आत. एर्झ्या-मोक्शा मिळून ज्यांना मोर्दवा म्हणतात ते सात लाख ४४ हजारांवरून चार लाख ८४ हजारांवर. अकरा वर्षांत! यातली काही घट मोजणीतल्या गोंधळाची धरली, तरी इफुस्को १९८४पासून भरते आहे आणि आलेख खालीच चाललाय. वीस मिनिटं उदमुर्तमध्ये बोलून ती मुलगी घरी गेली, नोकरी रशियनमध्ये केली, मुलांशी रशियनमध्ये बोलली. मग?

दुसरं, लोकांना यात रस लोकनृत्यापुरता असतो. २०१२च्या युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेत बुरानोवोच्या उदमुर्त आज्या दुसऱ्या आल्या. जगाने टाळ्या वाजवल्या. आज्यांना गावात चर्च बांधायचं होतं, त्याला हातभार लागला, चांगलंच झालं. भाषेला काय मिळालं?

तार्तूकर

आकडे मान्य. उत्तर देते, पण आधी एक गोष्ट. भाषा मरते आहे हे सांगायला रशियात माणसं कोणत्या थराला जातात, तेही इथे नोंदवायला हवं. २०१८च्या उन्हाळ्यात तिथे कायदा बदलला. रशियातल्या प्रजासत्ताकांच्या (उदमुर्तियासारख्या घटकप्रांतांच्या) भाषा शाळेत शिकायच्या की नाही, हे पालकांच्या लेखी संमतीवर गेलं. रशियन सक्तीची, उदमुर्त ऐच्छिक. १० सप्टेंबर २०१९ला उदमुर्तियाच्या राजधानीत, इझेव्हस्कमध्ये, विधिमंडळाच्या इमारतीसमोर अल्बेर्त राझिन या ७९ वर्षांच्या उदमुर्त अभ्यासकाने भाषेसाठी स्वतःला पेटवून घेतलं. त्याच दिवशी ते गेले.

आणि हे काही पहिलं संकट नाही. १९२०च्या दशकात सोव्हिएत सरकारनेच या भाषांना शाळा, वर्तमानपत्रं, लिपी दिली. तिशीच्या दशकात तीच माणसं 'फिनलंडचे हस्तक' ठरली. उदमुर्त कवी कुझेबाय गेर्द यांना १९३७मध्ये कारेलियातल्या सांदार्मोखला गोळ्या घातल्या. एका पिढीची लिहिणारी-शिकवणारी फळीच गेली. म्हणून शंकासुर, आलेख खाली जाण्याचं कारण परिषदेचं अपयश हे नाही. शाळा बंद होतात, खेडी रिकामी होतात, नोकरी रशियनमध्ये असते. विद्यार्थ्यांच्या परिषदेने हे थांबवावं ही अपेक्षाच जास्तीची आहे.

परिषद काय करते, तर माणसं तयार होतात. ही परंपरा इफुस्कोच्या आधीची आहे. तार्तूत पाउल आरिस्ते (१९०५ ते १९९०) नावाचे प्राध्यापक होते. सोव्हिएत काळात व्होल्गा-उरलच्या भागातली मुलं त्यांच्याकडे संशोधनाला यायची आणि परत जाऊन आपापल्या भाषांचे विभाग सांभाळायची. आरिस्ते स्वतः मूठभर लोकांच्या व्होत भाषेसाठी वर्षानुवर्षं खेड्यांत जात राहिले.

बर्फातला बटाटा

हेलसिंकीहून. शंकासुर यांना आलेख वर गेलेलं एक उदाहरण देतो.

इनारी सामी. बोलणारे तीन-चारशे. बोलली जाते ती फक्त उत्तर फिनलंडमधल्या इनारी सरोवराच्या परिसरात. नव्वदीच्या दशकात ही भाषा घरात बोलणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. १९८६मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या भाषामंडळाने १९९७मध्ये 'भाषेचं घरटं' सुरू केलं. ही न्यूझीलंडच्या माओरी लोकांची कल्पना. पाळणाघर, पण सांभाळणाऱ्या बायका दिवसभर फक्त इनारी सामी बोलणार. पोराने फिनिशमध्ये पाणी मागितलं तरी उत्तर सामीत.

खरी अडचण पुढे आली. पोरं बोलायला लागली, आजी-आजोबांना येतच होतं, पण मधली पिढी कोरी! शिक्षक, पत्रकार, पाद्री, डे-केअरच्या बाया कुठून आणायच्या? मग २००९-१०मध्ये १७ प्रौढांना वर्षभर काम सोडून ही भाषा शिकवली. वर्गातल्या धड्यांबरोबर म्हाताऱ्या मंडळींकडे पाठवलं: त्यांच्याबरोबर मासे साफ करा, जाळी विणा, स्वयंपाक करा, आणि बोला. ती माणसं पुढे शाळेत, रेडिओवर, घरट्यांत कामाला लागली. आज इनारी सामीत शाळा चालते.

यात परिषद कुठे आली? थेट कुठेच नाही. पण असा कार्यक्रम आखायला व्याकरण, कोश आणि पाठ्यपुस्तकं लिहिणारी माणसं लागतात, ती कुठेतरी विद्यार्थी असतातच की.

शंकासुर

बटाटेसाहेब, उदाहरण जबरी, मानलं. पण त्यामागे फिनलंडचं सरकार आणि फिनलंडचा पैसा आहे. इझेव्हस्कमध्ये १७ जणांना वर्षभर कोण पोसणार?

बर्फातला बटाटा

हे खरंय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मेळघाटी

मी धारणी तालुक्यात शिक्षक आहे. वाचताना सारखी कोरकूच डोळ्यासमोर येत होती. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाख आहेत, म्हणजे आजच्या उदमुर्त लोकांच्या जवळजवळ दुप्पट. भाषाकुळ मुंडा, संताली-मुंडारी या नातेवाईक थेट झारखंड-ओडिशात, आमच्या पोरांनी त्यांची नावंही ऐकलेली नाहीत. पहिलीतलं पोर घरून कोरकू घेऊन येतं आणि मी फळ्यावर मराठी लिहितो. दोन्ही बाजूंनी सहा महिने नुसतं बघणं चालतं.

माझा प्रश्न: तुमच्या परिषदेत कोमी मुलगा उदमुर्त मुलीला प्रश्न विचारतो, तसं कोरकू आणि मुंडारी विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवणारं कोणी आहे का? संमेलनं होतात, नाच होतात. पण मुलांनी आपल्या भाषेत निबंध वाचला आणि शेजारच्या भाषेतल्या मुलाने शंका काढली, असं मी पाहिलेलं नाही.

तार्तूकर

मेळघाटीसर, मीही पाहिलेलं नाही. पण एक सांगते, इफुस्को कुठल्या मंत्रालयाने काढली नाही, एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी काढली. पहिल्या वर्षी लागते ती एक खोली आणि पुढच्या वर्षी आम्ही बोलावतो असं म्हणणारं दुसरं गाव. दुसरं गाव मिळणं जास्त कठीण.

शंकासुर

आता कळीचा मुद्दा. २०२२च्या युक्रेन युद्धानंतर काय? या भाषांचे बहुतेक बोलणारे रशियात, परिषदेतले बहुतेक पैसेवाले यजमान युरोपीय संघात. दार बंद आहे ना?

तार्तूकर

बऱ्याच अंशी. एस्टोनियाने २०२२मध्ये रशियन नागरिकांना शिक्षणासाठी नवे व्हिसा-परवाने देणं जवळपास थांबवलं. फिनलंडने २०२३च्या अखेरीस रशियाची जमिनीवरची सीमा बंद केली. थेट विमानं नाहीत. इझेव्हस्कहून तार्तूला यायचं तर आता इस्तंबूल वगैरेहून वळसा, तोही व्हिसा मिळाला तर. पासपोर्टवर रशियन लिहिलेलं असतं. मारी, कोमी असं काही नसतं.

एस्टोनिया १९९९पासून 'नातलग लोकांसाठीचा कार्यक्रम' चालवतो: शिष्यवृत्त्या, पुस्तकं, उन्हाळी शाळा. दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी नातलगदिन साजरा होतो. आणि त्याच नातलगांच्या मुलांना दारात अडवायचं, यातली विसंगती इथल्या अभ्यासकांना नीट कळते. वर्तमानपत्रांत यावर वाद झाले.

डॅन्यूबकाठी

माझं मत वेगळं आहे. एस्टोनियाने १९४०नंतर सोव्हिएत राजवटीत जे भोगलं ते बघता त्यांच्या भीतीला वेडगळ म्हणता येणार नाही. देशाची सुरक्षा आधी, परिषद नंतर. हंगेरीत तुलनेने दार उघडं आहे, त्यामागचं राजकारणही सगळ्यांना माहीत आहे. सगळेच यजमान सोवळे नाहीत.

तार्तूकर

भीती खरी आहे, मी इथेच राहते, मला रोज दिसते. तरी मला हे धोरण चुकीचंच वाटतं. सरसकट पासपोर्ट बघून निर्णय घेतला की ज्यांच्या भाषेचे तास कमी करणं मॉस्कोला सोयीचं आहे, नेमकी तीच मुलं बाहेर राहतात. मुलाखत घ्या, हमी मागा, कमी जणांना घ्या, पण घ्या. यावर आपलं जमणार नाही बहुधा.

डॅन्यूबकाठी

नाही जमणार. पुढे चला :)

गवती चहा

लिव्होनियनबद्दल कुठेतरी वाचलं होतं, ती मेली ना? तीही याच कुळातली ना?

तार्तूकर

हो, लात्वियाच्या किनाऱ्यावरची, एस्टोनियनची जवळची बहीण. मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या ग्रिझेल्दा क्रिस्तिन्या २०१३मध्ये कॅनडात वारल्या, वय १०३. पण 'मेली' म्हणाल तर लिव्होनियन लोक चिडतात. शिकून बोलणारे आहेत, गाणारे, कविता लिहिणारे आहेत. २०१८मध्ये लात्विया विद्यापीठात लिव्होनियन संस्था सुरू झाली.

आमच्या विद्यापीठाच्या यांत्रिक भाषांतरात २०२३मध्ये लिव्होनियन, कोमी, वेप्स, मारी वगैरे लहान फिनो-उग्रिक भाषांची भर पडली. माझ्या कामाच्या जवळचा विषय म्हणून सांगते: यंत्राला लाखो वाक्यं लागतात आणि लिव्होनियनची जगात मिळून काही हजारांत. मग एस्टोनियन आणि फिनिशवर यंत्र तयार करायचं आणि नात्याचा फायदा लहान भाषेला मिळतो का बघायचं. काही प्रमाणात मिळतो. चुका भरपूर, काही विनोदी. पण एखादा लिव्होनियन विद्यार्थी शाळेचा मजकूर कच्चा करून घेऊन हाताने दुरुस्त करू शकतो, हेही कमी नाही.

हाडाचा वैयाकरण

एवढं सगळं बोललात, पण द्राविडी आणि उरालिक यांचं नातं मात्र सोयीस्कर गाळलंत. द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण लिहिणाऱ्या कॉल्डवेलने १८५६मध्येच लिहून ठेवलंय.

तार्तूकर

कॉल्डवेल 'स्किथियन' म्हणत असत, आणि त्यात तुर्की-मंगोलपासून सगळंच कोंबलेलं होतं. दोन्हींत प्रत्ययांची माळ लागते, हे साम्य खरं. पण प्रत्ययांची माळ जपानी आणि स्वाहिलीतही लागते. नियमित ध्वनिबदल आजवर कोणी पटेल असे दाखवलेले नाहीत, त्यामुळे बहुसंख्य अभ्यासक हे नातं मानत नाहीत. दाखवलेत तर इफुस्कोला निबंध पाठवा, मी प्रोजेक्टर लावून देते.

पॉपकॉर्न

😂 ही खरी ऑफर!

जुनी दिल्ली

उशिरा आलो. दोन गोष्टी.

एक, भारतातलं या विषयाचं सर्वांत जुनं नातं म्हणजे शांदोर कोरोशी चोमा. जन्म १७८४, ट्रान्सिल्वेनिया. शिकला कुठे? मास्तर, परत ग्योटिंगेन! १८१९मध्ये हंगेरियन लोकांचं मूळ गाव शोधायला आशियाकडे निघाला, बराचसा प्रवास पायी. १८२२मध्ये लडाखला पोचला, तिथे इंग्रज प्रवासी मूरक्रॉफ्ट भेटला आणि गाडी तिबेटी भाषेकडे वळली. झंस्करच्या मठांत, कडाक्याच्या थंडीत, लामांजवळ बसून शिकला. १८३४मध्ये कलकत्त्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापलं गेलं. नंतर तो एशियाटिक सोसायटीचा ग्रंथपाल होता. ल्हासाला जाताना तराईत हिवतापाने गाठलं, ११ एप्रिल १८४२ला दार्जिलिंगमध्ये गेला. कबर तिथेच आहे. हंगेरियन पर्यटक अजून तिथे येतात. ज्याच्यासाठी निघाला ते सापडलं नाही. मान्सी आणि खांती त्याच्या वाटेच्या कितीतरी उत्तरेला होते.

दोन, दिल्ली विद्यापीठात स्लाव्हिक आणि फिनो-उग्रिक अभ्यासाचा विभाग आहे, नावासकट. रशियन, पोलिश, चेक वगैरेंबरोबर हंगेरियन शिकवतात. मी तिथे रशियन केलं. हंगेरियनच्या वर्गात जागा मिळणं सोपं असायचं.

निवृत्त मास्तर

वा! चोमाचं ग्योटिंगेन माझ्या लक्षात नव्हतं. टिपून ठेवलं.

पुणेरी अनुस्वार

मी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या एमएला आहे. धागा वाचून खाज सुटली. फिनो-उग्रिक एकही भाषा येत नाही. मला निबंध पाठवता येईल का? की आधी भाषा शिकू?

तार्तूकर

पाठवता येईल. विद्यार्थी असलीस आणि विषय उरालिक भाषांशी किंवा त्यांच्या लोकांशी संबंधित असला की बाकी कोणी तुझा पासपोर्ट किंवा मातृभाषा विचारत नाही. जर्मन, पोलिश, जपानी मुलं येतातच. पण भाषा न शिकता तुलनात्मक काही लिहायला जाशील तर प्रश्नोत्तरांत उघडी पडशील, तिथली मुलं सौम्य दिसतात पण सोडत नाहीत. मराठी आणि एस्टोनियनच्या विभक्त्या वगैरे मोठा घास घेऊ नकोस. एखादा लहान, मोजता येईल असा विषय घे.

सोप्यात पडायचं तर हंगेरियन किंवा फिनिशपासून सुरू कर, साहित्य भरपूर मिळतं. माझं ऐकशील तर एस्टोनियन. प्रवासाचे पैसे परिषद देईल या भरवशावर राहू नकोस, राहण्याची सोय मात्र यजमान विद्यार्थी बहुतेक स्वस्तात लावून देतात. शेंगेन व्हिसाला वेळ लागतो, निमंत्रणपत्र आलं की त्याच दिवशी व्हिसाच्या भेटीची वेळ घे.

पुणेरी अनुस्वार

धन्यवाद ताई! एस्टोनियनमध्ये नमस्कार कसा करतात?

तार्तूकर

तेरे. पुण्यात कोणाला म्हणू नकोस, 'माझं काय?' म्हणून विचारतील.